नऊ एक्केचाळीसची नक्कल

आयफोनच्या ॲप स्टोअरवर पाच-दहा ॲपचे स्क्रीनशॉट बघा. वरच्या पट्टीत बॅटरी फुल्ल, रेंज फुल्ल आणि वेळ ९:४१. आयपॅडवर तर तारीखही दिसते, आणि ती बऱ्याचदा असते मंगळवार, ९ जानेवारी. जणू जगातली सगळी ॲप एकाच सकाळी वापरली जातात!

९ जानेवारी २००७, मंगळवार. स्टीव्ह जॉब्जने सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवला तो हा दिवस. भाषण सुरू झाल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी नवी वस्तू पडद्यावर यायची. तेव्हा चित्रातली वेळ आणि प्रेक्षकांच्या मनगटावरची वेळ जुळावी, अशी धडपड असायची, असं ॲपलच्या स्कॉट फोरस्टॉलने नंतर सांगितलं. आधी ९:४२ धरली होती, २०१० च्या आयपॅडपासून ९:४१ झाली.

म्हणजे ती वेळ खरी वाटावी म्हणून निवडली होती. आपण तिचा देव्हारा केला आणि नेमका खरेपणाच बाहेर ठेवला.

समजा, मराठी पंचांगाचं ॲप आहे. पडद्यावर गणेश चतुर्थी, बुधवार, २७ ऑगस्ट २०२५. वर पट्टीत ९ जानेवारी. किंवा लोकलचं वेळापत्रक: दादरहून संध्याकाळी सहानंतरच्या गाड्या, आणि वर ९:४१. ज्या ॲपचा सगळा धंदाच तारीख-वेळ अचूक सांगण्याचा, त्याच्या जाहिरातीत ही अवस्था.

"कोण बघतंय एवढं?" असं डिझायनर म्हणतात. राव, या शहराने घड्याळावरून भांडणं केली आहेत. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, आणि त्याच महिन्यात मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी तिच्या विरोधात काम बंद पाडलं. प्रश्न ३९ मिनिटांचा होता. मुंबईची स्वतःची वेळ तेवढी मागे होती, आणि पुढे कित्येक दशकं ती शहरात टिकून राहिली. आपल्या ९:४१ ला जुन्या मुंबईत ९:०२ वाजले असते. ३९ मिनिटांसाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं, आणि आपण साडेसात महिन्यांची चूक बिनदिक्कत छापतो!

बरं, हे अवघडही नाही. २०१९ च्या एक्सकोड ११ पासून सिम्युलेटरची पट्टी एका कमांडने बदलता येते. वेळेच्या जागी आयएसओ पद्धतीची पूर्ण तारीख दिली की आयपॅडवर तारीखही बदलते. अँड्रॉइडला डेमो मोड आहे. म्हणजे अडचण हत्याराची नाही, आळसाची आहे.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. एका क्लायंटची टेस्टिंग टीम डेमो मोड चालू ठेवूनच बगचे स्क्रीनशॉट पाठवायची. प्रत्येक चित्रात तीच ठरलेली वेळ. सर्व्हरच्या लॉगमध्ये नेमकी कुठली ओळ शोधायची? अख्खी दुपार त्यात गेली.

आणि दादरच्या फुलबाजारात जाऊन बघा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणून विक्रेता पुडी हातात देईलच असं नाही, तो साउंडबॉक्स बोलायची वाट बघतो. खोट्या स्क्रीनशॉटनी त्याला ते शिकवलंय. चित्रातली वेळ किती सहज बदलते हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? मग जबाबदारीही आपलीच.

बॅटरी फुल्ल दाखवा, कंपनीचं नाव लपवा, नोटिफिकेशन पुसा. ती घराची झाडलोट आहे, तक्रार नाही. पण जाहिरातीच्या चित्रात पट्टीतली तारीख खालच्या मजकुराशी जुळलीच पाहिजे. आणि बग, पावती, तिकीट यांच्या स्क्रीनशॉटमधल्या वेळेला हात लावायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही.

नक्कल करायचीच असेल तर आकड्याची कशाला? प्रेक्षकाचं घड्याळ बघून वेळ ठरवण्याच्या त्या धडपडीची करा. आपला प्रेक्षक परळच्या पुलावर उभा आहे, त्याचं घड्याळ बघा.