एकच शब्द, दोन दुखणी

पारिभाषिक शब्द संस्कृत धातूंवर घडविले म्हणजे ते सर्व भारतीय भाषांत सारखेच कळतील, ही धारणा १९६१ साली वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला तेव्हापासून दृढ आहे. गणितात व भौतिकीत ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. रक्तविकारांच्या क्षेत्रात मात्र तिचे काय होते, हे ‘पांडुरोग’ या एका शब्दावरून दिसते.

मराठीत पांडुरोग म्हणजे ॲनिमिया, रक्तातील हीमोग्लोबिन घटणे. हिंदीत व बंगालीत हाच शब्द काविळीसाठी येतो. दोन्ही अर्थांना आधार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडू आणि कामला यांचा विचार एकत्रच आला असून, पांडुरोग्याने पित्तकर पदार्थांचे अतिसेवन केल्यास कामला उद्भवते असे तेथे मानले आहे. त्या एका वर्णनातून मराठीने फिकटपणा उचलला, हिंदी-बंगालीने पिवळेपणा. स्वतः कामला मात्र तमिळमध्ये कामालै, तेलुगूत कामेर्लु होऊन काविळीच्याच अर्थाने नांदते आहे. तेव्हा ‘पांडुरोग’ हा अखिल भारतीय शब्द आहे खरा. अखिल भारतीय अर्थ त्याला नाही.

यावर उपाय म्हणून ‘रक्तक्षय’ पुढे केला जातो. संस्कृतज्ञास तो निर्दोष वाटेल. परंतु मराठीत क्षय म्हणजे टीबी. ‘अंगात रक्त नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईने कागदावर ‘रक्तक्षय’ वाचला आणि आता घरात आपले ताट-वाटी वेगळे होणार अशी धास्ती घेतली, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे. तिचे मराठी परिभाषाकारापेक्षा पक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. हा प्रश्न कोशाच्या पानांपुरता राहत नाही तो यामुळे.

सिकलसेलच्या बाबतीत गडचिरोली-नंदुरबारकडे मूळ शब्दच रुळला आहे आणि त्याने कोणाचे अडत नाही. अडते ते ‘वाहक’ या शब्दापाशी. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली व्यक्ती बहुधा निरोगी असते. दोघेही मातापिता असे असतील तरच प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. मराठी कानाला मात्र वाहक म्हणजे एसटीत तिकिटे देणारा, नाहीतर डासासारखा रोग पसरविणारा. लग्न ठरविताना मुलीच्या अंगावर हा दुसरा अर्थ चिकटला, तर तो पुसणे कठीण. तेथे एक लांब, साधे वाक्य लिहिले तरी चालेल. शब्द एकच असला पाहिजे असा हट्ट कशाला?

शासनानेही २०१८ च्या ‘अनीमिया मुक्त भारत’ या नावात हाताशी असलेला ‘रक्ताल्पता’ वापरला नाही, हे सुचिन्हच होय. आणि इम्युनिटीचे पाहावे. लॅटिनमध्ये तिचे मूळ सार्वजनिक कर्तव्यांतून व करांतून मिळणाऱ्या सुटीत आहे. मराठी रोगाचा प्रतिकार करते, बंगालीतील अनाक्रम्यता आक्रमणच होऊ देत नाही. तिन्ही रूपके निराळी आहेत, आणि लस तिन्ही भाषांतून टोचली जाते.