रात्री साडेनऊची धमकी

"शिकलेला माणूस असल्या मेसेजला फसतोच कसा?" हे वाक्य आपल्या मेसमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता वैताग येतो.

मित्रहो, २०२२ साली महावितरणच्या नावाने फिरलेला मेसेज आठवा. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, अमुक नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा! इंग्रजी गचाळ, म्हणून आपण हसलो. पण लोकलला लटकून डोंबिवलीला घरी पोचलेला माणूस व्याकरण तपासत बसत नाही हो. घरात म्हातारी आई, मुलाची परीक्षा, आणि घड्याळात नऊ वाजलेत. तो फोन लावतो. पलीकडचा 'साहेब' पाच-दहा रुपये भरायला आणि एक ॲप टाकायला सांगतो. ॲप एनीडेस्कसारखं, मुळात कामाचंच, पण तुमची स्क्रीन त्याला दिसते. मग ओटीपी सांगायचीही गरज नाही, तो तिकडे बसून वाचतो.

म्हणजे ओळखायची खूण व्याकरण नव्हे, घाई. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि महावितरणचा मेसेज 'एमएसईडीसीएल' या नावाने येतो, कुणाच्या दहा आकडी मोबाईलवरून नाही. 'मेलबॉक्स भरलाय, आजच पासवर्ड टाका' ही मेल त्याच जातीची.

इंग्रजीचंच म्हणाल तर ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेत फोन जायचे: आम्ही कर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, अटक होईल. पैसे गिफ्ट कार्डांतून उकळायचे. फसले ते जन्मापासून इंग्रजी बोलणारे, आणि फोनवर बसलेली बरीचशी पोरं आपल्याच वयाची. असो.

माझा राग आहे तो आपल्या हसण्यावर. लोक हसतील म्हणून फसलेला माणूस दोन दिवस घरातही बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर! १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन केला तर वाटेतली रक्कम बँकेत अडवता येऊ शकते. उशीर झाला की अडवायला काही उरत नाही.

रेक्टर सरांना एक विनंती. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात नोटीस बोर्डावर लावा, मेस बिल थकलेल्यांच्या यादीशेजारी. ती यादी सगळेच वाचतात.