वेशीवर अडवलेली पोरे



मराठी राज्य व्हावे म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या, त्यांत आपले भाईबंद होते. शंभराहून जास्त माणसे पडली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. हुतात्मा चौकात मशाल धरून उभे आहेत ते दोघे कोण? एक कामगार, एक शेतकरी. तिथे शेटजी उभा नाही आणि साहेबही नाही. आम्ही सवाल करतो : त्या दोघांची नातवंडे पदवी घेऊन पुढच्या परीक्षेला निघाली, तर त्यांच्याच राज्याच्या वेशीवर त्यांना काय म्हणून अडवता?

हवेत बोलत नाही. आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो.

करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगाव, वांगी, चिखलठाण अशी गावे उजनी धरणाच्या पाण्याकाठी आहेत. भीमेवर १९६६ साली धरणाचा पाया घातला, १९८० साली धरण पुरे झाले, आणि नदीकाठच्या कितीक जुन्या गावठाणांवर पाणी फिरले. ते पाणी उसाला गेले, सोलापूरच्या नळाला गेले. लोकांची तहान भागली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्यांच्या चुलीवर पाणी आले त्यांची पोरे पोटासाठी सूतगिरणीत आणि यंत्रमागावर आली. त्यातलेच आम्ही. शाळा चौथीपर्यंत, बाकीचे शिक्षण खात्यात आणि युनियनच्या हापिसात.

आमच्यातल्याच एका साथीची लेक बी.कॉम. झाली. सगळे शिक्षण मराठीतून. तिला एम.बी.ए. करायचे आहे. मार्क चांगले, हिशेबाला पक्की. आम्ही पगाराची पावती हातात घेऊन बोटे मोजत बसतो, तोवर ती फंडाचा आकडा तोंडी सांगते. गेले वर्षभर ही पोरगी ओट्यावर बसून इंग्रजी उतारे मोठ्याने वाचते आहे. आजी विचारते, "कसला मंतर म्हणतीस गं रोज?" पोरगी हसते. आम्हाला हसू येत नाही.

का, ते ऐका. एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा आपल्याच राज्याचा सीईटी सेल घेतो. २०२५ साली या पेपरात २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटे. त्यात इंग्रजी भाषेचे आणि उतारे वाचण्याचे ५० प्रश्न. ठीक आहे, समजू शकतो. धंद्यात इंग्रजी लागते, तर तपासा आमच्या पोरांचे इंग्रजी. पण उरलेल्या १५० चे काय? तर्काचे ७५, गणिताचे ५० आणि आकृत्यांचे २५. आकृत्यांना भाषा नसते, ते सोडा. पण तर्काचे आणि गणिताचे मिळून १२५ प्रश्नही इंग्रजीतच! म्हणजे पोरीला गणित येते, पण गणितातली गोष्ट तिला परक्या भाषेत सांगायची. ती आधी मनात मराठी करणार, मग गणित सोडवणार, आणि घड्याळ काही तिच्यासाठी थांबणार नाही. इंग्रजीची परीक्षा एकदा ५० मार्कांची घेतली, आता गणिताच्या नावाखाली ती दुसऱ्यांदा घेता? मालकाने एकाच गैरहजेरीचा दोनदा दंड कापला तर आपण गेटवर बसतो की नाही?

यावर सुटाबुटातले पंडित म्हणतात, "पदवीनंतरचे ज्ञान मराठीत कसे मापणार?" मग हाच सीईटी सेल तीन वर्षांच्या वकिलीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही घेतो ती कशी? तीही पदवीनंतरचीच. कायदा मराठीत विचारता येतो आणि टक्केवारी येत नाही? डॉक्टरकीची नीट आणि इंजिनियरीची जेईई मेन बारावीच्या पोरांना मराठीतून देता येते. केंद्राच्या विद्यापीठांची सीयूईटी बारावीनंतर तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. तीच सीयूईटी पदवीनंतरची झाली की पेपर इंग्रजी आणि हिंदीत, मराठी गायब! बारावीच्या पोराला मराठी कळते आणि पदवीधराला कळत नाही, असा यांचा हिशेब. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा दिला, हार घातले. हार घालून देव्हाऱ्यात बसवली आणि परीक्षेच्या खोलीबाहेर काढली.

तेव्हा पेपर मराठीत हवा, ही मागणी आम्ही सोडणार नाही. पण आज आम्हाला आपल्याच माणसांशीही थोडे भांडायचे आहे.

मागच्या सभेनंतर दोघे-तिघे म्हणाले, "मराठीच्या चळवळीत राहून तुम्ही रविवारी पोरांना इंग्रजी वाचायला बसवता, हे कुठलं मराठीपण?" बाबांनो, मागणी मान्य व्हायला वर्षे लागतील, आणि पोरीची परीक्षा पुढल्या हंगामात आहे. संप चालू असताना चूल बंद ठेवतो का आपण? दुसरे असे, की इंग्रजी सोडा म्हणून व्यासपीठावरून ओरडणाऱ्यांतले कितीक आपली मुले कुठल्या शाळेत घालतात ते आम्ही पाहिले आहे. आमच्या पोरांनी इंग्रजी टाकले तर फायदा त्यांच्याच मुलांचा, एक उमेदवार कमी!

न वाचता येण्याची किंमत काय असते ते आम्ही भोगले आहे. काही वर्षांपूर्वी एका गिरणीत आमचा करार झाला. कागद इंग्रजीत. वाचून दाखवणारा म्हणाला, बदली कामगारांना कायम करण्याचे कलम आहे. आम्ही पेढे वाटले. सहा महिन्यांनी कळले की त्या कलमात 'शॅल' नव्हते, 'मे' होते. 'शॅल' म्हणजे करावेच लागेल. 'मे' म्हणजे वाटले तर करू. तीन अक्षरांच्या एका शब्दावर चाळीस माणसे बदलीच राहिली. त्या दिवसापासून आम्ही इंग्रजीला साहेबाची भाषा म्हणून नाक मुरडणे सोडले. ज्या हत्याराने आपल्याला मारतात ते हत्यार कसे चालते ते बघून घ्यावे.

आता क्लासवाल्यांची गोष्ट. ही पोरगी पुण्याच्या एका क्लासात चौकशीला गेली. कुगावकडच्या माणसाला पाण्यापलीकडे जायचे म्हणजे काय ते सांगायला नको. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. एवढी यातायात करून पोरगी पोचली, तर टेबलामागच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "मराठी मीडियम का?" आणि तोंड असे केले, जणू आजार विचारतो आहे. फी सांगितली ती बापाच्या कित्येक पगारांची. वर शब्दांची जाडजूड यादी विकत घ्यायला लावली. पोरीने यादी घोकली. पुढचा उतारा वाचला, तरी कळेना.

कसा कळणार? बॉबिनीचा ढीग म्हणजे कापड नव्हे. शब्द वाक्यात विणलेला असतो, तिथेच त्याचा अर्थ. 'स्ट्राइक' शब्द आपल्याला कोणा मास्तराने शिकवला? संपाने शिकवला. पण उताऱ्यात 'स्ट्राइक अ बार्गेन' आले तर तिथे संप नाही, तिथे सौदा पटला. 'स्ट्राइक अ मॅच' म्हणजे काडी ओढली. 'स्ट्राइकिंग' म्हणजे नजरेत भरणारे. यादीत एकच अर्थ लिहिलेला असतो आणि परीक्षेत नेमका दुसरा विचारतात.

आणि एक मौज सांगतो. ही भाषा साहेबाची म्हणतात, पण ती आपल्याच धंद्याचे सूत घेऊन विणली आहे. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सामान्य, सरधोपट. मूळ अर्थ गिरणीतून प्रतवारी न करता जसा निघाला तसा माल. चिंध्या पिंजून पुन्हा काढलेल्या सुताला 'शॉडी' म्हणतात. पानिपतची ब्लँकेटे त्याचीच. तोच शब्द इंग्रजी उताऱ्यात आला की अर्थ हलके, निकृष्ट काम. 'स्पिन अ यार्न' म्हणजे सूत कातणे नव्हे, लांबण लावून थापा मारणे (आमच्या खात्यात असे कातणारे पुष्कळ आहेत). विलायतेत ओले कापड ताणून वाळवायला ज्या आकड्यांवर अडकवत ते टेंटरहुक, म्हणून 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे आपण म्हणतो तसा जीव टांगणीला. हे ऐकून रिंगफ्रेमवरची एक बाई म्हणाली, "म्हंजी साहेबाचा बी जीव कापडावानीच टांगत्यात व्हय!" त्या दिवशी पोरीने चार शब्द पाठ केले नाहीत, तरी ते चारही तिच्या डोक्यात बसले.

'लडाइट' हाही शब्द उताऱ्यांत फार येतो. अर्थ देतात, यंत्राला घाबरणारा अडाणी. खरी गोष्ट अशी : १८११ साली नॉटिंगहॅमकडच्या विणकरांनी यंत्रे फोडली ती भुतासारखी घाबरून नव्हे, मजुरी कापली जात होती आणि हलका माल काढून धंदा बुडवला जात होता म्हणून. पुढच्याच वर्षी सरकारने यंत्र फोडणाराला फाशीचा कायदा केला. कवी बायरनने त्याच्या विरोधात लॉर्डांच्या सभेत भाषण केले. परीक्षेत खूण करायची ती छापील अर्थाला करावी, पण आपल्या पोरांना दुसरा अर्थही ठाऊक असावा.

आमची वाचण्याची रीत साधी आहे. रविवारी एकच उतारा घ्यायचा. एकाने मोठ्याने वाचायचा, मधे थांबून शब्द विचारायचा नाही. मग मॅनेजमेंटची नोटीस वाचतो तसा पुन्हा वाचायचा : हा कोण बोलतो आहे? त्याला काय पटवायचे आहे? कोणाविरुद्ध बोलतो आहे? नोटिशीत पहिल्या चार ओळी गोड असतात आणि 'परंतु' नंतर खरी गोष्ट येते. उताऱ्यातही 'हाउएव्हर', 'येट', 'नेव्हरदलेस' आले की कान टवकारायचे. लेखक तिथे वळतो, आणि प्रश्न बहुधा त्या वळणावरच असतो. मग प्रत्येकाने उताऱ्याचे सार मराठीत दोन वाक्यांत सांगायचे. सांगता आले नाही तर समजले नाही, पुन्हा वाचा. अडलेला शब्द शेवटी कोशात पाहायचा आणि त्या वाक्यासकट वहीत लिहायचा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किती पिढ्या मराठीतूनच इंग्रजी शिकल्या! मराठी मधे येते म्हणून इंग्रजी येत नाही, हा क्लासवाल्यांचा बाजारी प्रचार आहे.

आयआयएमची कॅट याहून अवघड. २०२४ ला तिच्यात ६८ पैकी २४ प्रश्न इंग्रजी भाषेचे, आणि त्यांना ४० मिनिटे. उतारे कधी तत्त्वज्ञानाचे, कधी पक्ष्यांचे, कधी अर्थकारणाचे. पोरगी म्हणते, "काका, पक्ष्यांचा आला तर सोडणार नाही, आमच्या पाण्यावर रोहित दरसाल येतात." यायला पाहिजे असला उतारा!

सीईटी सेलकडे द्यायच्या अर्जावर सह्या घेणे चालू आहे. मागणी एवढीच की इंग्रजीचे ५० प्रश्न इंग्रजीत ठेवा, बाकीचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही छापा. वकिलीच्या पेपराला करता तसेच. प्रत्येक खात्यातून एकाने कागद न्यावा, अंगठा चालतो.

आणि येत्या रविवारी पहिली पाळी सुटल्यावर युनियनच्या हापिसात या. ज्याच्या ट्रंकेत जुना करार, नोटीस, कोर्टाचा कागद असेल त्याने तो बरोबर आणावा. या खेपेला उतारा तोच घेणार आहोत. 'मे' कुठे लपला आहे ते पोरी शोधून देतील.