साडेपाच तासांचं लोटांगण

"अरे, लिनक्सचं घड्याळ साडेपाच तास पुढे पळतंय!" एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या माणसाची ही ठरलेली तक्रार. त्यावर शेजारचा जाणकार छातीठोकपणे सांगतो, "टाइमडेटसीटीएलला सेट-लोकल-आरटीसी १ सांग, झालं काम." नाही हो! काम झालं नाही, नुसतं झाकलं.

मुळात चूक लिनक्सची नाहीच. मदरबोर्डवर बटण सेलवर चालणारं जे घड्याळ असतं, त्यात तारीख-वेळ असते, पण ती कुठल्या गावची याची नोंद नसते. विंडोज डॉसच्या सवयीनं तिथे स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स तीच वेळ यूटीसी समजून त्यात साडेपाच तास मिळवतं. सकाळचे दहा की थेट दुपारचे साडेतीन! (तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर मात्र आधी सेल बदला.)

"मग हातानं वेळ लावायची, बिघडतं कुठे?" मीही हेच करायचो. एका शनिवारी घड्याळ पुढे असताना प्रोग्रॅम कंपाइल केला, मग वेळ मागे आणली आणि सोर्समधला बग सुधारला. ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा 'नवी' दिसल्यावर मेकनं काही कंपाइलच केलं नाही. 'क्लॉक स्क्यू'चा इशारा दिला होता बिचाऱ्यानं, पण आपण इशारे वाचतो कुठे? सुधारलेलाच बग तीन तास शोधत बसलो.

"आपल्याकडे डेलाइट सेव्हिंग नाही, स्थानिक वेळ चालेल की!" इथे चालेल. तोच लॅपटॉप लंडनला न्या. मार्चमध्ये तास पुढे सरकला की तो विंडोजनं सरकवलाय की अजून सरकवायचाय, हे लिनक्सला कसं कळणार? म्हणून तर टाइमडेटसीटीएल स्वतःच या सेटिंगबद्दल ताकीद देतं.

खरा उपाय विंडोजकडे आहे. रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशनखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड नोंद करा, किंमत १. लिनक्समध्ये सेट-लोकल-आरटीसी ०, सेट-एनटीपी ट्रू. बस्स.

१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. शेवटी प्रमाणवेळेपुढे मुंबई नमली, प्रमाणवेळ मुंबईपुढे नाही. मग विंडोजच्या हट्टापुढे लिनक्सनंच का लोटांगण घालावं?