व्यायामशाळा गावाला परवडेल काय?

सुगी आटोपली, चार पैसे हाती आले, की गावोगावी नव्या कामांच्या गोष्टी निघू लागतात. कोणी समाजमंदिराची डागडुजी सुचवितो, कोणी विहिरीचा कठडा. अलीकडे या यादीत व्यायामशाळेचे नाव हटकून येते. तरुण मंडळी म्हणतात, शहरात गल्लोगल्ली जिम निघाल्या, मग आमच्याच गावाने काय पाप केले आहे? वडीलधारी माणसे विचारतात, इमारतीला पैसा आणावा कोठून? प्रश्न वाजवी आहे. परंतु, वाचकहो, तो इमारतीच्या पैशापाशी अडतो आणि तेथेच त्याची वाट चुकते, असे आम्हांला वाटते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून थोडे दूरचे, इंदूर शहरातले एक उदाहरण घेऊ. होळकरांच्या या जुन्या राजधानीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. शहराच्या पश्चिम भागात बडा गणपती नावाचा गजबजलेला चौक आहे. ज्या मूर्तीवरून त्याला हे नाव पडले, ती पंचवीस फूट उंच असून १९०१ साली पंडित नारायण दाधीच यांच्या पुढाकाराने उभी राहिली. विटा, चुना, माती, गूळ, मेथी अशा साध्या जिनसांची ती घडण आहे. तो आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा विषय. आपण येथे केवळ त्यातील हिशेब पाहू. मूर्ती घडविण्याचा खर्च एकदाच झाला. परंतु तिच्यावर तूप आणि शेंदूर यांचा लेप वर्षातून चार वेळा चढवावा लागतो, आणि एवढ्या प्रचंड आकारावर तो चढविण्यास दर वेळी कित्येक दिवस लागतात. शतकाहून अधिक काळ हे काम चालू आहे, म्हणूनच मूर्ती आज तेजस्वी दिसते. उभारणीचा खर्च एक, सांभाळण्याचा खर्च दुसरा. आणि गावकरी जेव्हा वर्गणीची यादी करतात, तेव्हा या दुसऱ्या खर्चाचा रकाना बहुधा कोराच असतो.

याच इंदुरात व्यायामाचीही एक जुनी परंपरा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांचे कामगार चित्ररथ काढीत, आणि त्यांच्यासमवेत शहरातील आखाडे आपापली मुले घेऊन लाठीकाठीचे व शस्त्रांचे खेळ करीत चालत. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद गिरणी १९९२ साली थांबली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची थकलेली २२४ कोटी रुपयांची देणी २०२३ च्या डिसेंबरात कोठे मार्गी लागली. गिरणीच्या भिंतीआड माणसाचे किती हाल झाले असतील, त्याची कल्पनाच करावी. तरी मिरवणूक संपली नाही आणि आखाडेही संपले नाहीत. जी गोष्ट गिरणीमालकाच्या पैशावर उभी होती ती गेली. जी वस्तादाच्या नेमावर उभी होती ती राहिली.

आता आखाड्याला खरोखर लागते तरी काय? लाल माती चाळून घ्यावयाची, तीत तेल, हळद, ताक, लिंबाचा रस घालून ती मुरवावयाची, आणि रोज खणून मऊ ठेवावयाची. वर पावसापुरते छप्पर. एक सागाचा किंवा शिसवाचा मल्लखांब, त्याला चोळण्यास एरंडेल. दोन-चार मुद्गलांच्या जोड्या, थोड्या लेजिमी. जोर आणि बैठका यांना तर जमिनीवाचून काहीच लागत नाही. मल्लखांबाची विद्या पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा जागविली, आणि शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये तिला राज्याच्या खेळाचा मान दिला. दूर अमेरिकेत १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल शोधला, तोही पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून. खेळाच्या जगात गरिबीने फारसे काही अडविलेले नाही.

मग अडते कोठे? कराडजवळच्या गोळेश्वरची हकीकत आपल्याला पुष्कळ सांगेल. याच गावचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. परत आल्यावर ते ऋण फेडण्यासाठी त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले. म्हणजे एका माणसाला जगाच्या आखाड्यापर्यंत पोचविणे खेड्याला परवडले! परंतु त्याच गोळेश्वरात त्यांच्या नावाने कुस्ती केंद्र उभारण्याची घोषणा सरकारी पातळीवर २००९ मध्ये झाली, आणि २०१७ साली त्यांच्या कुटुंबाला जाहीरपणे सांगावे लागले की, केंद्रासाठी आता आम्ही ते पदकच लिलावात काढतो. आठ वर्षे वाट पाहून ही पाळी यावी, यात काय ते आले. मोठ्या इमारतीच्या आशेवर बसलेल्या गावाने हे अवश्य ध्यानी घ्यावे.

याउलट अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहा. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते आखाड्याच्या रूपात सुरू केले. शिकविणारी माणसे आधी तयार झाली. १९३६ मध्ये मंडळाचा संघ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. महाविद्यालय आणि विस्तीर्ण परिसर ही पुढची कमाई. क्रम उलटा असता तर त्या वास्तूत आज कदाचित धान्याची पोती असती.

आता आपल्या गावाकडे वळू. दोनशे उंबऱ्यांचे गाव धरा. दर घरी महिन्याला तीस रुपये, म्हणजे सहा हजार. त्यातून चार हजार शिकविणाऱ्याला मानधन. तो गावचाच निवृत्त शिपाई किंवा जुना पहिलवान असला तर संध्याकाळचे दोन तास तो आनंदाने देईल. हजार रुपये वीज, तेल, माती यांना. उरलेले हजार शिल्लक टाकले की वर्षाचे बारा हजार होतात. छपराचा पत्रा उडाला तर कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत. परंतु ही मासिक वर्गणी एक वर्ष बिनतक्रार जमली, तर व्यायामशाळा गावाला परवडते असे खुशाल समजावे. पहिल्या तीन महिन्यांतच ती थकली, तर अनुदान मिळूनही ती परवडणार नाही. ट्रेडमिलचा पट्टा तुटला की शहरातून कारागीर येईपर्यंत यंत्राखाली कोंबड्या अंडी घालतात, हे चित्र काही अगदीच काल्पनिक नाही.

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असा आक्षेप काही वृद्ध घेतील. त्यांच्या काळी तो खरा होता. आज नांगर ट्रॅक्टरने ओढला जातो, पाणी मोटरीने चढते, शाळेला मूल दुचाकीवरून जाते. आणि मधुमेह व रक्तदाब यांनी शहराची वेस केव्हाच ओलांडली आहे. शिवाय भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेल्या पाठीला ताठ करणारा व्यायाम वेगळाच असतो, तो शिकावाच लागतो.

आणखी एक गोष्ट, जी सभेत क्वचितच बोलली जाते. पैसा घराघरांतून घ्यावयाचा आणि जागा मात्र वीस तरुणांची, हा न्याय नव्हे. सकाळची वेळ स्त्रियांसाठी राखावी, मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवावा, म्हाताऱ्यांना चालण्यापुरती सपाट वाट असावी. ज्या घरातील आई तेथे जाते, त्या घरची वर्गणी सहसा थकत नाही.

इमारतीसाठी सरकारी अनुदान मिळू शकते. त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावी. अर्ज करण्यापूर्वी जागेचा सात-बारा कोणाच्या नावे आहे ते पाहावे. भावकीच्या वादातील जमिनीवर पाया घालू नये. आणि त्याआधी, याच महिन्यात, शाळेचे किंवा चर्चचे पटांगण संध्याकाळी दोन तास मागून घ्यावे, शिकविणारा ठरवावा, आणि एक वही घालून तीत रोज किती माणसे आली ते लिहीत जावे. वर्षअखेरीस ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि इमारतीचा विषय त्यानंतर काढावा.