बुधियाचे म्हणणे

मुन्शी प्रेमचंद यांची 'कफन' ही कथा तुमच्यापैकी काहींनी उर्दूत वाचली असेल. डिसेंबर १९३५ मध्ये ती दिल्लीच्या 'जामिया' या उर्दू मासिकात प्रथम छापून आली. घीसू आणि माधव हे बापलेक झोपडीच्या दारात विस्तवापाशी बसून भाजलेले बटाटे खात आहेत. आत माधवची बायको बुधिया बाळंतपणाच्या वेणांनी तडफडत आहे. माधव आत जात नाही. आपण उठलो, तर बाप जास्त बटाटे खाईल, ही त्याला भीती! सकाळी बुधिया मेलेली आढळते. मग कफनासाठी मागून आणलेल्या पैशांची दोघे दारू पितात.

आता आठवून पाहा, या कथेत बुधिया काय बोलते? एक शब्दही नाही. लोकांचे दळण दळून, गवत कापून तिने या दोघांना पोसले. कथेत मात्र तिचे फक्त विव्हळणे ऐकू येते.

प्रेमचंद फार मोठे लेखक होते, याबद्दल मला शंका नाही. गरिबी माणसाला कोठे नेऊन सोडते, हे त्यांनी दाखवले. पण घीसू-माधव जातीने चांभार आहेत आणि कामचोरही आहेत. रात्रंदिवस राबणाऱ्या जातीचे चित्र असे का रंगवले, असे दलित वाचकांनी विचारले. हा प्रश्न मला रास्त वाटतो. २००४ साली दिल्लीत काही लोकांनी प्रेमचंदांच्याच 'रंगभूमी' या कादंबरीच्या प्रती जाळल्या. ते मात्र मला पटत नाही. पुस्तक वाचावे आणि त्याच्याशी भांडावे, असे मी म्हणेन.

भांडायचे कसे, हे एका शाळकरी मुलीकडून शिकता येईल. तिचे नाव मुक्ता साळवे. मातंग समाजातील ही मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय साधारण तुमच्याएवढेच. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. मांग-महारांची दुःखे तिने त्यात सांगितली. त्यात बाळंतपणाचाही उल्लेख आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होत असतील, ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असे ती वरच्या जातींना बजावते. 'कफन' लिहिली जाण्याच्या ऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट आहे. बुधियाची वेदना तिच्याच बाजूने आधी लिहून झाली होती! ती लिहिणारी मुलगी मोठी लेखिका नव्हती, एवढेच.

आपल्या अमरावती विभागातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. कथा-नाटकांत बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत किती आहेत, हे त्यांनी फटकळपणे मोजून दाखवले. लोक चिडले. जोतीरावांनी मात्र त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंच्या लेखणीचा बराचसा रोख विधवांना पुन्हा लग्न करू न देणाऱ्या घरांवर आहे. शेतात निंदणाला जाणारी बाई त्यात फारशी दिसत नाही. उर्दूत इस्मत चुगताई यांनी घरातल्या बायकांची खरी बोली कागदावर आणली, पण तीही बहुतेक मध्यमवर्गीय घरांची. म्हणजे एका बाईने लिहिले, की सगळ्या बायकांचे लिहून झाले, असे होत नाही.

गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गाला सांगितले, "बुधियाच्या वतीने मराठीत पाच वाक्ये लिहा." मुलांनी माधवला भरपूर शिव्या दिल्या. (काही शिव्या मला खोडाव्या लागल्या.) दोघी-तिघींनी अल्लाहची दुआ मागितली. एका मुलीची वही मात्र माझ्या लक्षात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती आईबरोबर आर्णीजवळच्या शेतांत कापूस वेचायला जाते. तिचे मराठी कच्चे आहे. पाच वाक्ये सांगितली असता तिने एकच लिहिले होते, "मला पण एक बटाटा द्या, मी सकाळपासून काही खाल्ले नाही."

ही कथा मी कितीतरी वेळा वाचली आहे. बुधियाही उपाशी असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.