झोपा म्हणजे झोप नव्हे

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण मराठीच्या वर्गात शिकवताना तिचा अर्थ एका ओळीत फळ्यावर उतरतो: वेळ निघून गेल्यावर केलेली व्यवस्था व्यर्थ. अर्थ बरोबर आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण झोपा म्हणजे गोठ्याचे दार, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याला झोपा हा झोपेचाच कोणीतरी वाटणार. बैल गेला आणि मालक झोपून राहिला, असे चित्र तो मनात धरून बसणार आणि तरीही पाठ केलेला अर्थ अचूक लिहिणार. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लाक्षणिक अर्थ शिकवायचा तर आधी वाच्यार्थ पक्का व्हायला हवा, शब्दाने दाखवलेली वस्तू डोळ्यांपुढे उभी राहायला हवी. आपण नेमकी तीच पायरी गाळतो.

बेसासारख्या ठिकाणी ही गाळलेली पायरी जास्त जाणवते. नागपूरच्या दक्षिण कडेचे हे गाव बघता बघता शहराला मिळाले. शेतांचे लेआउट पडले, लेआउटवर इमारती आल्या, मनीषनगरपासून घोगलीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे फलक लागले. इथल्या इमारतींत वऱ्हाडी बोलणारे, हिंदी बोलणारे आणि नोकरीनिमित्त दूरवरून आलेले लोक एका जिन्याने ये-जा करतात. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झाले. त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुलेही आज तिच्या म्हणी शिकतात. पण ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ हे बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाला कसे कळावे? आड त्याने पाहिलेला नाही, पोहरा तर नाहीच. यात घरी मराठी बोलणारा आणि न बोलणारा, दोघेही सारखेच अडतात. वस्तू गेली की तिच्यावर उभा असलेला लक्ष्यार्थ अधांतरी राहतो. मग तो पाठ करण्याखेरीज मुलाच्या हाती काही उरत नाही.

हे शिकवायचे कसे, याचे उत्तर आपल्या परंपरेत फार नेमके आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या, म्हणजे शब्दाने मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ दाखवण्याच्या, तीन अटी सांगितल्या. शब्दाच्या मूळ अर्थाला अडथळा यावा, दुसऱ्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध असावा आणि अशा बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. शास्त्रकारांचे ठरलेले उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचे. प्रवाहावर वाडा बांधता येत नाही, म्हणून अर्थ गंगेच्या काठाकडे सरकतो. आणि काठ न म्हणता गंगा म्हटल्याने तिथला गारवा व पावित्र्य मनात येते. आता ‘पाण्यासाठी बेसा रस्त्यावर उतरला’ हे वाक्य घ्या. गाव रस्त्यावर उतरत नाही, हा अडथळा. गावात माणसे राहतात, हा संबंध. चार-दहा नव्हे, सगळेच बाहेर पडले हे ठसवणे, हे प्रयोजन. त्याच्या शेजारी ‘तो धंद्यात बुडाला आणि रस्त्यावर आला’ हे वाक्य ठेवा. रस्ता तोच, पण उतरण्यात जोर आहे आणि येण्यात दैना. पाचवीतल्या मुलाला एवढे नक्की झेपते. तीन प्रश्न विचारायचे: इथे सरळ अर्थ का बसत नाही, मग दुसरा कोणता बसतो, आणि सरळ न बोलता असे का बोलले? लक्षणा ज्यात शिकवतात तो शब्दशक्ती हा घटक मात्र अकरावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात येतो. तोपर्यंत शेकडो वाक्प्रचार पाठ करून झालेले असतात. शास्त्राची नावे अकरावीत यावीत. हे तीन प्रश्न मात्र पाचवीपासून विचारले जावेत.

विदर्भाला तर यासाठी दूर जायलाच नको. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी लोकांना दृष्टांत देऊन समजावले आणि केसोबासांनी ते ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. तिथली मांडणी शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांताची सरळ गोष्ट, आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतले काय कशाला लागू पडते याची फोड. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या दृष्टांतात हत्ती आधी पुरता हत्ती असतो. कोणाच्या हाती पाय लागतो, कोणाच्या हाती कान. ते चाचपणे डोळ्यांपुढे आल्याशिवाय परमेश्वराविषयीच्या अपुऱ्या ज्ञानाकडे जाताच येत नाही. चक्रधरांच्या महानुभाव पंथाच्या रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. आपल्या शाळांनी त्या मातीतून एवढी एक रीत उचलली, तरी मला फार समाधान वाटेल.

आणि जिवंत उदाहरण हवे असेल तर मारबत आहे. १८८०च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, आणि रोगराईपासून महागाईपर्यंत सगळे ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून गर्दी ओरडते. कागद-बांबूचा पुतळा खोकला उचलून नेत नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. तरी त्या ओरडण्यात काही खोटे आहे असे कोणालाच वाटत नाही. खरे-खोटे आणि वाच्य-लक्ष्य या दोन वेगळ्या जोड्या आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

यावर कोणी म्हणेल, मुले हे आपोआप शिकतात. ‘डोकं खाऊ नको’ म्हटल्यावर कोणते मूल घाबरते? खरे आहे. लॅकॉफ आणि जॉन्सन या अभ्यासकांनी १९८०मध्ये दाखवून दिले की रोजचे बोलणेच रूपकांनी भरलेले असते. आपणही वेळ घालवतो, वाचवतो, कोणाला उसना देतो. पण कानावर पडून जे येते ते ओळखीच्या शब्दांपुरते. शाळेतली भाषा अनोळखी असते आणि रूपके तिथे केवळ कवितेत नसतात. विज्ञानाच्या पुस्तकात अन्नसाखळी आहे, पेशीभित्तिका आहे, विद्युतप्रवाह आहे. साखळीत कड्या कशा, भिंत किती खरी, प्रवाह पाण्यासारखा कुठवर, हे न विचारणारा मुलगा विज्ञानही पाठच करतो. शिवाय सगळी मुले सारखी नसतात. काही स्वमग्न मुलांच्या मनात शब्दाचा सरळ अर्थ आधी आणि घट्ट बसतो. त्यांना मंद ठरवणे हा अन्याय आहे. अडथळा कुठे आला हे उघड करून दाखवणारी रीत त्यांना हाताशी धरून पुढे नेते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. वाच्य आणि लक्ष्य यांतली सीमा ठाम नसते, मग फरक शिकवायचा कसा? डोंगराचा पायथा, नदीचे मुख यांना आता कोण लाक्षणिक म्हणतो? पण मम्मटाच्या तिसऱ्या अटीत रूढी आणि प्रयोजन अशी फोड आहे ती यासाठीच. काही लक्षणा वापरून वापरून शब्दाच्या अंगी मुरतात, काही बोलणाऱ्याने मुद्दाम केलेल्या असतात. ‘पायथा’ कधीकाळी लक्षणाच होता, असे वर्गात निघाले तर शिकवण्यात चूक झाली असे नाही, धडा रंगला असे समजावे. कवितेचा रस या चिरफाडीने उडून जाईल ही भीतीही मला पटत नाही. रस उडतो तो अलंकाराचे नाव ओळखायला लावून पुढच्या ओळीवर जाण्याने.

राहिला वेळेचा आणि गुणांचा प्रश्न. वाक्प्रचारांची यादी निम्म्यावर आणली तर वेळ निघतो. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाच्या जागी दोन वाक्ये द्यावीत. पहिले: ‘झोपा उघडा राहिला आणि रात्री बैल गेला.’ दुसरे: ‘पूर ओसरल्यावर नाला रुंद करायला घेतला, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.’ आणि खाली एवढेच विचारावे: कोणत्या वाक्यातला बैल खरा आहे, आणि ते तुम्ही कशावरून ठरवले?